चहाच्या आधीचा अर्धा तास

सकाळी सहाला मी फोन करायच्या आधीच आत्याच्या नंबरवरून आला तेव्हा मी रोजच्यासारखंच विचारलं, "घेतली का गोळी?" पलीकडे आत्या नव्हती. तिचा मुलगा गजूदादा होता. तो म्हणाला, "माय गेली व. झोपेतच गेली... गोळीच्या आधीच." हृदय बंद पडलं, थायरॉईडचा त्यात काही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण जमलं असतं तर आत्याने ते स्वतःच सगळ्यांना फोन करून कळवलं असतं.

शकुआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. अकोल्याजवळ तिचा फुलांचा मळा. शेवंती, निशिगंध, झेंडू. उजाडताना माल घेऊन ती फुलबाजारात जायची आणि तिथे तिचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत ऐकू यायचा म्हणे. मी तिच्या अगदी उलट. इंग्रजी शाळेत शिकले, राजापेठेतल्या एका क्लासच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते, आणि गरजेपुरतं बोलते. घरातल्यांनी ते कधीच मान्य केलं होतं. आत्याने नाही. "ही पोरगी बोलते का नुसतीच पायते?" असं ती माझ्यासमोर बसून आईला विचारायची.

दोन-तीन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे अमरावतीला आली तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता, आवाज घोगरा झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःचंच बोलणं चालू असताना ती मध्येच झोपली. दुसऱ्याच्या बोलण्यात ती नेहमीच झोपायची, स्वतःच्या नाही. बाबांनी लगेच चप्पल घातली आणि तिला उठवून रक्त तपासायला नेलं. वाटेत कळलं की थायरॉईडची गोळी तिने कधीच सोडून दिली होती. का, ते काही सांगेना.

संध्याकाळी रिपोर्ट माझ्या फोनवर आला. मी उघडेपर्यंत आत्या माझ्या खांद्यावरून वाचायला लागली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते, आणि फुलबाजारात तीनच आकड्यांना किंमत असते: आजचा सगळ्यात कमी भाव, सगळ्यात जास्त भाव, आणि आपल्या मालाला मिळालेला भाव. रिपोर्टातही नेमके तीनच होते. टीएसएच नावाच्या ओळीत वरची मर्यादा साडेचारच्या आसपास, आणि आत्याचा आकडा चाळीसच्या पुढे.

"पाय रे," ती बाबांना म्हणाली, "बाजार साडेचारच्या वर नाई, अन् आपला चाळीसच्या वर गेला."

खालच्या ओळीत टी-फोर होता, तो कमी होता. "हा माल जरा ढिला हाय," ती म्हणाली. "चालते." मग तिने गजूदादाला फोन लावून जुना रिपोर्ट वाचायला लावला. गोळी चालू होती तेव्हाचा टीएसएच दोनच्या आसपास होता. झालं. "म्हंजे गोळीनं दाबून ठेवलं होतं मले," आत्या म्हणाली. एवढा चांगला रिपोर्ट असताना डॉक्टरला कशाला दाखवायचा, म्हणून सकाळच्याच एसटीने परत जायचं ठरलं. "अन् विमलले सांगतो, तूही फेक गोळ्या." विमलबाई फुलबाजारात तिच्या शेजारी बसत आणि त्यांनाही हीच गोळी होती. बाबा रिपोर्टाकडे बघून "वा ताई" म्हणाले. मला सगळं समजत होतं, आणि मी गप्प होते.

आत्या झोपेत अकोल्याच्या पुढे जाऊ नये म्हणून मला सोबत पाठवलं. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं, तरी माझं वाक्य तोंडातच होतं. शेवटी आत्याने विमलबाईंना लावायला फोन काढला, तेव्हा मी तिचा हात धरला.

"आत्या, तो आकडा जास्त असणं चांगलं नसतं."

"जोरानं सांग. गाडीत ऐकू येत नाई."

मी जोरात सांगितलं. पुढच्या सीटवरचे एक काका मागे वळले.

"टीएसएच गळ्यात तयार होत नाही. तो डोक्यातून येतो. डोकं गळ्यातल्या ग्रंथीला सांगतं, काम कर."

"मंग जास्त सांगते त काय वाईट हाय?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. "आई मला जेवायला बोलावते," मी म्हटलं. "मी ओ दिली तर एका हाकेत भागतं. मी ओ देत नाही, म्हणून ती ओरडत सुटते."

आत्याने फोन मांडीवर ठेवला. "म्हंजे चाळीस हे तुही माय होय."

"हो."

"अन् माहा गळा म्हंजे तू."

"हो."

"अन् गोळी घेतली होती तवा तुही माय दोनवर होती."

पुढचे काका म्हणाले, "बाई, मंग घेऊन टाका ना गोळी."

"तुमी समोर पाहा," आत्या म्हणाली, आणि तिने विमलबाईंना फोन लावला. "विमल, फेकू नको व गोळ्या. उलटा वाचला मी."

गोळी सोडण्याचं कारण मग बाहेर आलं. ती उपाशीपोटी घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास चहा प्यायचा नाही. "सगळ्यायच्या हातात कप, अन् मी काय भिंतीकडं तोंड करून बसू? काहून?" मी म्हटलं, डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली तर त्या अर्ध्या तासात मी फोन करीन. आत्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू? अर्धा तास? बोलशील?"

त्याच दिवशी अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि दोनेक महिन्यांनी परत तपासायला सांगितलं. तो रिपोर्ट आला तेव्हा आत्याचा फोन आला, "तुही माय चूप झाली." मी सांगण्याआधीच तिने वाचला होता, आणि या वेळी बरोबर.

पण अर्धा तास भरणं फार कठीण होतं. पहिल्या आठवड्यात माझं सगळं बोलणं पाच मिनिटांत संपायचं, आणि पलीकडून बाजाराचा गलका आणि आत्याचं "मंग?" एवढंच ऐकू यायचं. एकदा तिने कंटाळून "चहा पिऊन घेतो" अशी धमकी दिली. मग मी दिवसभर बघून ठेवायला लागले. क्लासच्या सरांनी बंद माइकवर केलेलं भाषण. चालताना स्वतःशीच भांडणाऱ्या एक बाई. आत्याला नुसती गोष्ट चालायची नाही. "लुगडं कोन्त्या रंगाचं होतं?" हे ती विचारायची, आणि आठवत नसेल तर म्हणायची, "अधुरी बातमी आनू नको."

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. काल राजापेठेच्या चौकात एक बाई स्कूटीवरून चालल्या होत्या. मागच्या सीटवर तुळशीची मोठी कुंडी ओढणीने बांधलेली, आणि हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर नाही, तुळशीवर. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी मी थांबून नीट बघून घेतलं. ओढणी पिवळी होती. हेल्मेट लाल, काच तडकलेली.