फुईच्या घरची जागा

कळसाडीच्या जागृतीला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही, असं कुणी म्हटलं तर ती भांडायला उठेल. आणि तिचं चूकही नाही. जगाचं भलं झालं तर तिला चालायचं, फक्त काजलचं नको. काजल ही गोकुळकाकाची पोर. दोघी एका अंगणात वाढल्या, नव्या फ्रॉकवरून एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, आणि बारावीनंतर दोघींना नंदुरबारच्या एकाच कॉलेजात प्रवेश मिळाला. आता राहायचं कुठे, हा प्रश्न होता.

भाड्याच्या खोलीचं नाव काढताच जागृतीचे वडील जगदीशभाऊ ताटावरून उठले. "दोन पोरी एकल्या? गाव काय म्हनी?" मग उरलं मुलींचं हॉस्टेल, आणि उरली नंदुरबारची फुई. फुई म्हणजे आत्या, दोघा भावांची थोरली बहीण छबूबाई. तिच्याकडे खोली एकच रिकामी, म्हणजे जागाही एकीलाच. तिने फोनवर सांगून टाकलं, "काजलले धाडा. जागृती हॉस्टेलमा ऱ्हाई."

झालं. जागृतीच्या अंगाचा तिळपापड झाला. काजललाच का? मी काय उकिरड्यावर सापडले? पण फुईपुढे बोलणार कोण, म्हणून ती गाल फुगवून हॉस्टेलात गेली.

तसं हॉस्टेल वाईट नव्हतं. तिच्या खोलीत धडगावकडची रिना होती, पावरा आदिवासी घरातली, हसरी आणि अभ्यासात पक्की. तिने आल्या आल्या खिडकीजवळची कॉट जागृतीला देऊन टाकली. जागृतीचं लक्ष कुठे होतं तिच्याकडे! तिचे डोळे काजलच्या डब्यावर. डब्यात कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, वर शेंगदाण्याची चटणी. काजलला कॉलेजच्या फाटकाशी मोटरसायकलवरून सोडायला फुईचा मुलगा भूपेंद्र. आणि इकडे मेसच्या वरणात डाळ शोधावी लागायची. काजल डब्यातलं अर्धं हिच्यापुढे सरकवायची, तर हिला वाटायचं, मुद्दाम दाखवते मेली. खायची मात्र सगळं.

दिवाळीला फुई भाऊबीजेसाठी कळसाडीला आली. भावांना ओवाळून झालं, घर माणसांनी भरलेलं, आणि फुई लाडात येऊन भाच्यांना म्हणाली, "मांगा, काय पाहिजे?" काजल काही बोलायच्या आत जागृतीने डाव साधला. ती सरळ फुईच्या पायाशी जाऊन बसली. "फुई, माले काहीच नको. माले तुन्हा घर ऱ्हावानं शे." फुईच्या घरी राहायचंय, बस, एवढंच मागितलं तिने.

फुईने भावाकडे पाहिलं. जगदीशभाऊंनी मान खाली घातली, पण मिशीत हसले. फुईचे डोळे भरून आले, तिने जागृतीच्या तोंडात पेढा कोंबला आणि पिशवीतली कोरी साडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. काजलला काहीच मिळालं नाही. जागृतीला असा आनंद झाला, की विचारू नका.

काजलने मात्र मजा घालवली. "ऱ्हाय ना तू. मी जास तुन्हा कॉटवर," असं म्हणून तिने त्याच संध्याकाळी बॅग भरायला घेतली. थोडं तरी रडायला हवं होतं तिने, असं जागृतीला वाटलं.

फुईच्या घरी राणीसारखा थाट होता. ऊन ऊन भाकर, साजूक तूप. जागृती ताटाचे फोटो काढून काजलला पाठवायची, काजल नुसता अंगठा पाठवायची. शेजारच्या फुलवंताबाई येऊन हिला नखशिखांत न्याहाळून गेल्या. भूपेंद्रला चहात साखर किती लागते, हे फुईने शिकवलं. भूपेंद्र समोर आला की मान खाली घालून आपल्या खताच्या दुकानाकडे पळायचा. पण हेव्याने भरलेल्या डोळ्यांना दुसरं दिसतं कुठे?

थंडीत एक दिवस काजल आणि रिना भेटायला आल्या. जागृती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. बाहेरून फुईचा आवाज आला, "बठा, बठा. काजल, तुन्ही वहिनी चहा लई येस."

जागृतीने मागे वळून पाहिलं. घरात दुसरी बाई नव्हती.

काजल कप घ्यायला आत आली, तेव्हा हिचा चेहरा पांढराफटक पडलेला. "फुई असं का म्हननी?"

काजल चकित झाली. "का म्हणजे? मामानी पोर सोताहून म्हनस, फुईना घर ऱ्हावानं शे, तर त्याना अर्थ काय व्हस? सूनच व्हवानं ना! माले तिनी पहिल्याच महिनामा पुसं होतं, भूपेंद्रसंगे लगीन करस का. मी नही म्हनी दिधं, माले शिकानं शे. तू तर भाऊबीजले सगळासनी समोर मांगं. आम्हले वाटनं, तुले भूपेंद्र आवडस."

"माले फक्त तुन्ही जागा पाहिजे होती," जागृती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याची तिला किळस आली.

ती तशीच बाहेर गेली. ट्रे खाली ठेवला आणि धीर करून म्हणाली, "फुई, माले लगीन नही करनं. माले शिकानं शे."

फुई खळखळून हसली. "लाजी ऱ्हायनी," ती रिनाला म्हणाली. मग जागृतीच्या डोक्यावरून हात फिरवत, "शिक ना माय, कोन नही म्हनस? लगीन व्हयनं तरी शिकता येस. तुन्हा बापनी तर पाव्हनासले सांगी बी दिधं."

काजलने घड्याळ पाहिलं. हॉस्टेलात सातला हजेरी असते, उशीर झाला तर वॉर्डनबाई रागावतात. दोघी लगबगीने चपला घालून, उद्याच्या केमिस्ट्रीच्या परीक्षेवरून वाद घालत गल्लीतून निघाल्या. जागृती दारात उभी राहिली. त्या वॉर्डनबाईंच्या रागावण्याचासुद्धा तिला हेवा वाटला.