दोन विती, दोन बोटं

तीन वर्षं मी प्रार्थना केली नाही. उपासनेला जात होते, गीतं म्हणत होते, जेवणाआधी मान खाली घालत होते. पण आत कुणी बोलत नव्हतं. मिशनरीच्या बायकोने हे सांगायचं तरी कुणाला? म्हणून आज लिहिते आहे.

आम्ही मूळचे नगरकडचे. हे पाण्याच्या कामाचे इंजिनीअर, शिकले जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला. पुढे तिथल्याच कोलोनजवळच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीने आम्हाला टांझानियातल्या एका खेड्यात पाठवलं. तिथले दिवस साधे होते. उजाडलं की मी पाणी उकळून, गाळून ठेवायची. ओट्यावर मलमपट्टीसाठी माणसं येऊन बसलेली असायची. हे हातपंप दुरुस्त करायला सायकलवरून निघायचे. आमची करुणा, सात वर्षांची, मला कापसाचे बोळे करून द्यायची आणि विव्हळणाऱ्या मोठ्या माणसांना स्वाहिलीत दटावायची, "एवढ्याशा जखमेला?" दर महिन्याला मी मंडळीला प्रार्थनापत्र लिहायची आणि खाली ती एक चित्र काढायची. मंडळीतल्या वृद्धांना आमच्यातलं एकेक नाव प्रार्थनेसाठी वाटून दिलेलं होतं. करुणाचं नाव फ्राऊ लिंडनर नावाच्या आजींकडे होतं.

करुणाला मंगळवारी ताप आला. गुरुवारी उतरला. तिने पेज मागितली, वाटीभर प्यायली. पत्र त्याच दिवशी ईमेलने पाठवायचं होतं. मी लिहिलं, प्रभूने आमची मुलगी बरी केली, त्याचे उपकार माना. हे म्हणाले, "अगं, दोन दिवस थांब की." मला वाटलं, थांबणं म्हणजे अविश्वास. शनिवारी ती गेली. रविवारी ते पत्र इकडे जर्मनीत मंडळीपुढे वाचलं गेलं आणि सगळ्यांनी उभं राहून उपकारस्तुती केली. त्याच सकाळी आम्ही तिला माती दिली.

यांनी मंडळीच्या पाळकांना फोन केला आणि पुढच्या रविवारी त्यांनी ते उपासनेत सांगितलं. निरोप आले. प्रभूची इच्छा. त्याने आपलं फूल परत नेलं. मी ते वाचायची आणि घडी घालून ठेवायची. प्रार्थनापत्रं मात्र लिहीत राहिले: नवी विहीर, शाळेचं छप्पर, लांबलेला पाऊस. करुणा गेली, हे एक वाक्य हाताने लिहिलं गेलं नाही.

गेल्या शरद ऋतूत आम्ही जर्मनीला परत आलो. यांना ड्युसेलडॉर्फला नोकरी मिळाली. पाळकांच्या पत्नी म्हणाल्या, फ्राऊ लिंडनर गेली चार वर्षं आल्टर्सहाइममध्ये, वृद्धांच्या घरात, असतात. तुम्हाला फार विचारतात. मी यांना म्हटलं, "अहो, तुम्हीही चला." "तू जाऊन ये," हे म्हणाले, "मला नाही जमणार."

आजी खिडकीशी विणत बसल्या होत्या. "चला, आलात एकदाच्या! मुलगी शाळेत असेल. चित्रं काढायची बंद झाली, मोठी झाली म्हणायची." त्यांनी मांडीवर एक लाल स्वेटर पसरला, दहा वर्षांच्या मुलीचा, बाह्यांशिवाय. "अंग अंदाजाने विणलं. बाह्या अंदाजाने नाही जमत. हात केवढा आहे तिचा?"

तेव्हा मला समजलं. माझ्या पत्राची छापील प्रत मंडळीकडून त्यांना इथे टपालाने येत होती. मंडळीपुढे तोंडी सांगितलेलं इथवर पोचलंच नव्हतं. साऱ्या जगात या एका खोलीत माझी मुलगी तीन वर्षं वाढत होती. काहीतरी माप सांगितलं असतं, तर आणखी वाढली असती. सांगायला मी तोंड उघडलंही. मग खरं सांगितलं.

मी सांत्वनाची वाट पाहत होते. आजींचा चेहरा रागाने लाल झाला. "तीन वर्षं! रोज सकाळी मी तिच्या गणितासाठी, तिच्या दातांसाठी मागत होते, आणि तुम्ही मला विहिरी कळवत होतात? तुम्ही मिशनरी लोक पत्रात नेहमी ठणठणीत असता." मग छताकडे बघून त्या ओरडल्या, "आणि तू? तूही गप्प बसलास!" त्या कुणाला बोलताहेत, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

माझ्या मुलीसाठी देवाशी भांडणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. मी तिथेच रडले, तीन वर्षांचं. आजींनी रडू दिलं, मग टेप काढली. "तेव्हा केवढा होता?" शाळेच्या गणवेशाची बाही मीच शिवली होती, माप बोटांना पाठ होतं. टेबलावर मोजून दाखवलं: दोन विती, दोन बोटं. त्यांनी माझ्या हाताशेजारी टेप धरली.

परतताना ट्राममध्ये मी देवाला सगळं सांगितलं, मंगळवारपासून शनिवारपर्यंत. उपकार मानले नाहीत. समर्पण म्हणजे आधीच आभार मानून मोकळं होणं, असं मी समजत होते. आता वाटतं, जे घडलं ते जसंच्या तसं त्याच्यापुढे ठेवायचं आणि उठून जायचं नाही, एवढंच माझ्या हातात आहे. करुणा का गेली, मला अजून कळलेलं नाही. त्याने मला त्या खोलीत नेलं, एवढ्यापुरते त्याचे उपकार मानते, आणि ते मनापासून मानते.

पुढच्या खेपेला स्वेटर तयार होता. अंग दहा वर्षांच्या मुलीचं, बाह्या सात वर्षांच्या. कुठल्याच मुलीला तो बसणार नाही. घरी आणला तेव्हा हे कितीतरी वेळ तो मांडीवर घेऊन बसले. मग आपली वीत एका बाहीवर ठेवून म्हणाले, "बाह्या बरोबर आहेत."