थोरलीचे गाल

आमच्या गल्लीत तिला सगळे फोटोताई म्हणायचे. माझं झेरॉक्सचं दुकान आणि तिचा स्टुडिओ यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची भिंत, त्यामुळे तिचं बोलणं दिवसभर माझ्या कानावर पडायचं. "हनुवटी जरा खाली. कान दिसू द्या. हसू नका, सरकारला हसू चालत नाही." पासपोर्ट, परवाने, ओळखपत्रं, तीस वर्षं तिने हेच फोटो काढले. दहा वर्षांनी तीच माणसं परत यायची आणि जुना फोटो बघून म्हणायची, "हा मीच का?" ती म्हणायची, "तुम्हीच. मी साक्षीला आहे."

लग्न तिने केलं नव्हतं. घरी ब्याऐंशी वर्षांची आई. दिवसा आईजवळ बसायला एक बाई यायच्या, संध्याकाळी ताई आली की जायच्या. आईला दोन वर्षांपासून विसर पडत होता. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. ताईला एक बहीण होती, चार वर्षांनी मोठी. आई दोघींना थोरली आणि धाकटी म्हणूनच हाक मारायची. थोरली एकोणीस वर्षांपूर्वी सासरी वारली, त्रेचाळिसाव्या वर्षी. पोटदुखी अंगावर काढली, अपेंडिक्स फुटलं, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ताईला टायफॉइड झाला. दुखणं गेलं, पण गाल परत आले नाहीत. डोळ्यांखाली खड्डे, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी खोल रेघा. गिऱ्हाइकं फोटो काढून घेता घेता विचारायची, "बरं नाही का?" एकाने तर उठून तिलाच स्टूल दिलं.

"बरी आहे, बरी आहे, म्हणून सांगता सांगता मी आता खरंच आजारी पडेन," ती मला म्हणाली. मग एक दिवस तिने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि मला त्वचेच्या डॉक्टरांकडे सोबत नेलं.

डॉक्टरबाई शांत होत्या. ताईच्या गालावर दोन बोटं ठेवून त्यांनी समजावलं, "वयाबरोबर नुसती कातडी सैल होत नाही. तिच्याखालची चरबी आटते, खाली सरकते, हाडसुद्धा थोडं झिजतं. आधारच गेला की वरचं खाली येतं. फिलर म्हणजे आतून भरायची जेल. आपल्या शरीरात असतं तेच हायलुरोनिक ॲसिड. ते पाणी धरून ठेवतं, म्हणून बसलेला भाग उचलला जातो."

"बोटॉक्स म्हणतात ते हेच का?" मी विचारलं.

"नाही. बोटॉक्स स्नायू सैल सोडतं, कपाळाच्या आठ्यांसाठी वगैरे. हे पोकळी भरतं." मग त्या ताईकडे वळल्या. "सूज येईल, काळंनिळं होईल, आठवडा-दोन आठवडे. क्वचित जेल रक्तवाहिनीत गेली तर तिथली कातडी मरू शकते. फारच क्वचित डोळा जातो. म्हणून हे पार्लरमध्ये करून घ्यायचं नसतं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, अंगावर कुठे जंतुसंसर्ग आहे का, ते आधी सांगा. साधारण नऊ महिने ते दीड वर्ष टिकतं, मग शरीर ते हळूहळू जिरवतं. नाही पटलं तर विरघळवायचं इंजेक्शनही आहे."

"मला सुंदर करू नका," ताई म्हणाली. "लोक विचारायचे थांबले की झालं."

बाराव्या दिवशी सूज पूर्ण उतरली. सकाळी शटर उघडल्याचा आवाज आला आणि नंतर काहीच नाही. मी डोकावले. गिऱ्हाइकांना केस विंचरायला लावलेला छोटा आरसा होता, त्याच्यासमोर ती उभी होती.

"छान झालंय की," मी म्हणाले. तिने मान वळवली नाही.

"ही मी नाही," ती म्हणाली. "ही अक्का आहे."

मी थोरलीला कधी पाहिलेलं नव्हतं. ताईने कपाटातून एक जुना फोटो काढून दाखवला. गोल, वर उचललेले गाल, डोळ्यांखाली भरलेलं. बहिणी बहिणी, थोडं साम्य असणारच, असं काहीतरी मी बोलले. पण मी फोटोकडे आणि तिच्याकडे आलटून पालटून बघत होते.

खरी गोष्ट त्या संध्याकाळी सुरू झाली. ताई घरी गेली तेव्हा आई खिडकीपाशी बसली होती. तिने वर पाहिलं, बराच वेळ पाहत राहिली, आणि हळूच विचारलं, "थोरले, पोट दुखायचं थांबलं का गं?"

ताईला वाटलं, आजारपणाचं कुठेतरी ऐकलेलं आईच्या डोक्यात राहिलंय. ती म्हणाली, "थांबलं."

"मग बस. आज पाचच्या गाडीने जाऊ नकोस."

त्यानंतर रोज तेच. आई तिला थोरलीच म्हणायची, आणि चार वाजल्यापासून तिचा जीव खालीवर व्हायचा. सांभाळणाऱ्या बाईंना ती दार लावून घ्यायला सांगायची, घड्याळाकडे बघत बसायची. ताई दुकानात असली की बाईंचा फोन यायचा, "लवकर या, ऐकत नाहीत." शेवटी ताई साडेतीनलाच शटर ओढू लागली. ती जाऊन आईसमोर बसायची. पाच वाजून गेले की आईचे खांदे खाली यायचे. "गेली गाडी," ती म्हणायची, आणि मगच चहा प्यायची.

आईने सगळं एका दमात कधीच सांगितलं नाही. तुकडे तुकडे पडत गेले, आणि ताईने महिनाभर ते जोडले. थोरली मरणाच्या तीन दिवस आधी एकटीच माहेरी आली होती. हातात कपड्यांची पिशवी होती. पोटात कळा येताहेत, तिकडे कोणी लक्ष देत नाही, मला आता तिकडे राहायचं नाही, असं ती आईला म्हणाली होती. ताई तेव्हा दुकानात होती. आईने थोरलीला चहा दिला, संसारात असं चालायचंच, म्हणून समजूत घातली, आणि पाचच्या गाडीत बसवून दिलं. ताई घरी येण्याआधी कपसुद्धा विसळून ठेवला. पुढे एकोणीस वर्षं तिने हे कुणालाही सांगितलं नाही.

ताईने मला हे दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं. आवाज नेहमीसारखाच, हात मात्र ओढणीचं टोक पिळत होते.

"धाकटीला तिने मरेपर्यंत सांगितलं नसतं," ती म्हणाली. "आता ती धाकटीची आठवणही काढत नाही. परवा मी विचारलं, धाकटी कुठाय? तर म्हणाली, ती काय, असेल तिच्या फोटोत."

"तू रागावली नाहीस?"

"कोणाच्या तोंडाने रागावू? धाकटी म्हणून बोलले तर तिला ऐकूच येत नाही. आणि थोरली म्हणून..." ती थांबली. "काल तिने माझा हात धरून विचारलं, माझ्यावर राग नाही ना? मी नाही म्हणून बसले. अक्काच्या वतीने माफी देऊन टाकली. तिला विचारलंय कोणी?"

तिची झोप उडाली. आरशासमोरून जाताना ती मान खाली घालायची. फोटो काढताना काचेत स्वतःची सावली दिसली की हात चुकायचा. एकाच माणसाला तीन-तीनदा बसवायची. सहाव्या महिन्यात ती उठून डॉक्टरबाईंकडे गेली. मीही गेले.

"विरघळवून टाका," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चेहरा तपासला. काम चांगलंच झालं होतं. काय बिघडलं, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "बिघडलं काही नाही. माझा चेहरा मला परत हवाय."

"देता येईल. एका एन्झाइमचं इंजेक्शन असतं, एक-दोन दिवसांत बराचसा फरक पडतो. त्याची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून आधी माहिती विचारावी लागेल." त्या फॉर्म आणायला आत गेल्या.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. ताई त्याच्याकडे बघत होती. फॉर्म आला तेव्हा ती उभी राहिली होती.

"राहू दे," ती म्हणाली. "मला पाचच्या आत घरी पोचायचंय."

पुढचे तीन महिने ती रोज जाऊन बसली. नवव्या महिन्यात आई गेली, दुपारच्या झोपेतच, गाडीच्या वेळेच्या बरंच आधी. ताई रडली नाही. पंधरा दिवसांनी म्हणाली, "आता हे मला एकटीलाच माहीत आहे. हे मला पेलत नाही."

थोरलीला एक मुलगी होती. थोरली गेली तेव्हा अकरा वर्षांची, आता तिशीची, दुसऱ्या गावात दाताच्या दवाखान्यात नोकरीला. आजीकडे ती पुढे कधी आली नाही. मावशीचे फोन घ्यायची, पण दोनच वाक्यं बोलायची. ताईने आधी न कळवता गाडी पकडली. कळवलं असतं तर भाची 'मी घरी नाही' म्हणाली असती, असं तिला वाटलं.

भाचीने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकली. ताई म्हणाली, "मी आहे गं. मावशी." मग तिने दार पूर्ण उघडलं.

आत बसल्यावर ताईने सगळं सांगितलं. आजी, ती दुपार, पाचची गाडी. भाची जमिनीकडे बघत ऐकत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी शाळेतून आले होते. आई परत आली तेव्हा पिशवीत आजीने दिलेला बिस्किटांचा पुडा होता. म्हणाली, आजीकडे जाऊन आले, कोणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. मला वाटायचं, सांगितलं असतं तर कोणीतरी तिला दवाखान्यात नेलं असतं."

"तू अकरा वर्षांची होतीस."

"हो. मी मोजलंय ते बऱ्याचदा."

भाची उठली, खिडकीचा पडदा सारला आणि म्हणाली, "मावशी, जरा इकडे उजेडात बस." ताई जाऊन बसली. भाची समोर खुर्ची घेऊन बघत राहिली. ताई मला सांगत होती, आयुष्यभर लोकांना हलू नका म्हणत आले, त्या दिवशी मी हलले नाही.

"हे किती दिवस राहील?" भाचीने विचारलं.

"डॉक्टर म्हणाल्या, अजून तीन-चार महिने. आधीच उतरायला लागलंय."

"मग तोवर महिन्यातून एकदा येत जा."

ताई तीनदा गेली. प्रत्येक वेळी गाल थोडे कमी असायचे. चौथ्या खेपेला थोरली चेहऱ्यावर उरली नव्हती. आमची नेहमीची फोटोताईच, खड्डे पडलेली, बारीक. जायचं की नाही म्हणून ती स्टुडिओत तासभर घुटमळली. मीच म्हणाले, जाऊन तर ये.

भाचीने दार उघडलं, चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. "आत ये, मावशी," ती म्हणाली. "मी आजची रजा टाकलीय."