शितलचा राहिलेला जवाब

...तर काल चहा आला आणि गोष्ट हापशावरच राहिली. शितल एका हातानं हापसा मारायची आणि दुसऱ्या हातात विज्ञानाचं पुस्तक. घागर भरून वाहून चालली तरी हिचा दांडा आपला वर-खाली, वर-खाली. मागं नंबर लावून उभी असलेली मोतीबाई म्हणाली, "बाई, घागरीला पोहायचं शिकवून राहिलीस व्हय?" शितल कानापर्यंत लाल. घागर उचलली, पुस्तक तिथंच राहिलं, ते आणायला परत आली आणि पुन्हा लाल झाली.

ही शितल माझी नात. दोन हजार तीन साली दहावीला होती. तिचे मायबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते पार उन्हाळा लागल्यावर यायचे. वारंगा फाट्याजवळच्या आमच्या तांड्यात तेव्हा घराघरात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं एवढीच उरायची. आमच्या घरी मी, माझी मालकीण जिवनबाई आणि शितल.

परीक्षेआधीच्या शेवटच्या महिन्यात पोरीचा दिवस कुठं सुरू व्हायचा आणि कुठं संपायचा, मला कळायचं नाही. उठली की म्हशीखालचं शेण काढायचं, पाणी भरायचं, भाकरी थापायच्या. मग साबणानं हात इतके घासायची की मी म्हणायचो, "पोरी, कातडं ठेव जरा." वर्गात हाताला शेणाचा वास आला तर, ही तिची धास्ती. मग मोहनसिंगच्या काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन कळमनुरीला शाळा. तिथं जादा तास, सराव परीक्षा, प्रयोगवह्यांवर सह्या. संध्याकाळी पुन्हा भाकरी. पीठ मळता मळता इतिहासातल्या लढाया पाठ करायची. हात मारला की एक लढाई.

आणि लाजाळू तर इतकी! जीपमध्ये मी आमच्या गोरमाटी बोलीत काही विचारलं, की ही हळूच मराठीत उत्तर द्यायची. फाट्यावरून बसणारी तिची मैत्रीण राजनंदिनी शेजारी असायची ना.

अशा या पोरीला गुरुजींनी काय सांगावं? निरोप समारंभात सगळ्या मुलांच्या वतीनं भाषण तू करायचं. झालं. आता गोठ्यात भाषण सुरू. "आदरणीय मुख्याध्यापक आणि गुरुजनहो," असं म्हणून म्हशीला नमस्कार करायची. म्हैसही मोठी सभ्य, वैरण सोडून ऐकायची.

एक दिवस चुलीपाशी तिनं आजीला सांगितलं, "दादी, शुक्रवारी आमाला शाळेतून निरोप देणार हायेत."

जिवनबाई म्हणाली, "मग पुन्यांदा जायचं न्हाई तिथं?"

"परीक्षा झाली की संपलं."

"आन तुझ्यासाठी रडणार कोण?"

"कोणी रडत न्हाई दादी. पेढे वाटतात."

"इतकी वर्षं पोरगी सांभाळली त्यांनी, आन रडणार बी न्हाईत?"

शितलचं लक्ष तव्यावर आणि ओठांवर भाषण. तिनं नुसती मान हलवली.

आता आमच्यातली रीत सांगतो. पोरगी लग्न होऊन घर सोडून निघाली की तिची माय, मावश्या तिच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं रडणं नाही, सुरात, शब्द जोडून. त्याला ढावलो म्हणतात. आणि पोरीनंही त्याच सुरात जवाब द्यायचा असतो. शितलची माय फडात ऊस तोडत होती. मग हे काम कुणाचं? जिवनबाईनं मनाशी ठरवून टाकलं आणि कुणाला बोलली नाही.

शुक्रवारी ती पेटीतून आरशांचा फेटिया, म्हणजे आमच्या बायांचा घागरा, काढून, हातभर बांगड्या घालून तयार. मला वाटलं, नातीचं भाषण ऐकायला नटली. आम्ही दोघं गेलो. मागच्या खुर्च्यांवर बसलो. शितल मंचावर आली, नमस्कार अगदी म्हशीला करायची तसा केला, आणि छान बोलत होती. "आज आम्ही या शाळेचा निरोप घेत आहोत," एवढं म्हणाली मात्र, जिवनबाई उठली. बांगड्या वाजवत सरळ मंचावर गेली, पोरीच्या गळ्यात पडली आणि ढावलो लावला.

माईक चालूच होता. "माझं लेकरू चाललं, त्याची माय उसाच्या फडात, तिचा गळा मी कुठून आणू," असा आमच्या बोलीतला तिचा सूर कर्ण्यातून बाहेर रस्त्यापर्यंत गेला. रस्त्यावरची माणसं फाटकाशी जमली. "कोण गेलं?" म्हणून विचारू लागली. शिपाई जळबा तर बाईला घेरी आली समजून पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

मग जिवनबाई थांबली. जवाबासाठी थांबली. माईकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. शितल खांबासारखी उभी, हात सरळ खाली, नजर पायाच्या अंगठ्यावर. जिवनबाईनं पुन्हा सूर धरला, पुन्हा थांबली. शितल गप्प. शेवटी एका बाईंनी जिवनबाईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. भाषण तिथंच संपलं. नंतर वाटलेल्या पेढ्याचा पोरीच्या मुठीत पार भुगा झाला.

परतताना जीपमध्ये कुणीतरी म्हणालं, "शितलचं लगीन लागलं म्हणं आज, आमाला जेवण न्हाई?" सगळे हसले. शितलनं ओढणी तोंडावर घेतली. घरी आल्यावर आजीला एवढंच बोलली, "काहून आलीस तू?"

जिवनबाईनं फेटिया घडी करून पेटीत ठेवला. पण दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच सुरू झालं. पोरगी अभ्यासाला बसली की ही जाता जाता तिच्या कपाळाला हात लावून बघायची. जेवताना बघायची, झोपल्यावर बघायची.

शितलनं मला गाठलं. "दादा, दादी मला सारखा हात काहून लावते? मला ताप हाये का?"

मी सांगितलं, "तिच्या मनानं धसका घेतला हाये. ती म्हणते, मयताच्या गळ्यात पडून रडलं तरच जवाब येत न्हाई. जित्त्या पोरीनं जवाब दिला न्हाई, हे तिला बराबर वाटून नाही राहिलं."

शितलनं स्वतःच्याच कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाली, "तिथं मला तिची लाज वाटली, दादा. आता माझीच वाटून राहिली. कोणत्या तोंडानं बोलू?"

"आहे त्याच तोंडानं बोल. दुसरं कुठून आणणार?"

प्रयत्न तिनं केला हो. चुलीपाशी जायची, आजीजवळ बसायची, तोंड उघडायची आणि विचारायची, "दादी, मीठ कुठं हाये?" मीठ समोरच असायचं. जिवनबाई डबा पुढं सरकवायची आणि कपाळाला हात लावायची. पोरगी मान खाली घालून उठायची. परीक्षा जवळ आली तरी हेच.

पहिल्या पेपराच्या सकाळी आम्ही दोघं तिला तांड्याच्या तोंडाशी पोचवायला गेलो. जीप खच्चून भरलेली. राजनंदिनीनं आत जागा धरून ठेवली होती. मोहनसिंग हॉर्नवर हॉर्न देत होता. शितलनं एक पाय जीपमध्ये टाकला. मग पाय खाली घेतला, पॅड आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, वळली आणि भर रस्त्यात आजीच्या गळ्यात पडली. हॉर्न थांबला. जीपमधली सगळी तोंडं बाहेर आली. पोरीचे कान लालबुंद झालेले मला दिसत होते. सूर आमचाच लावला तिनं, शब्द मात्र मराठी, त्या जीपमधल्या सगळ्यांना समजावेत असे. तिचा जवाब जसाच्या तसा सांगतो:

"दादी गं, मी जित्ती हाये, दादी गं, मला ताप न्हाई. तू माझ्या मायचा गळा घेऊन आलीस, आन मी अंगठा बघत उभी राहिले गं. लाज आज बी वाटून राहिली, दादी, पण तुझी न्हाई. आता सोड मला, मराठीचा पेपर हाये, आन मोहनसिंगकाका बी रडून राहिले."