डावीकडची फिरती सीट

कांद्याच्या चाळीवरून वारा आला की मला अजून ती गाडी दिसते. ताडपत्रीखाली उभी, काचा पुसलेल्या, आणि पुढे डावीकडे सीटच्या जागी नुसता पत्रा. नोकरीत मोठे गुन्हे पाहिले, त्यांचे तपास मित्रांना रंगवून सांगितले. हा मात्र घरीही सांगितला नाही. पन्नाशीतच स्वेच्छानिवृत्ती घेतली, आता वेळ आहे, तर लिहूनच टाकतो. नावं कोणाचीच देत नाही.

तेव्हा मी नाशिक रोड भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. ते ठाणं मला आवडायचं. सकाळच्या हजेरीनंतर टपरीवरून काचेच्या ग्लासांतून चहा यायचा, मागून रेल्वेची शिट्टी ऐकू यायची. आमचे एक जुने हवालदार ठाणे अंमलदार म्हणून बसायचे. स्टेशन डायरी लिहिता लिहिता ते येणाऱ्याच्या पायांकडे बघत.

एके दिवशी पस्तिशीचा एक तरुण घरची सात सीटची गाडी चोरीला गेली म्हणून आला. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. तक्रार देऊन तो गेल्यावर हवालदार म्हणाले, "साहेब, खरी चोरी झालेला माणूस दुसऱ्याची चप्पल घालून धावत येतो. ह्याने बूट घातलेत, लेस बांधून."

"नीटनेटका असेल."

"असेल. बायको नीटनेटकी असेल," म्हणाले आणि पुन्हा लिहू लागले.

गुन्हा दाखल झाला. वायरलेसवर वर्णन गेलं. थोड्याच दिवसांत नामपूरहून आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. बागलाणचा माणूस, पहिलं वाक्य नेहमी अहिराणीत बोलायचा.

"साहेब, एक गाडी चाळमा उभी शे. नंबरप्लेट नाय. डावा दरवाजा चेपलेला हाय, पुढची डावी सीट गायब."

"चोरीची वाटते?"

"तीच तर गंमत हाय. चोर कधी गाडी पुसतो का? इथं एक बाई रोज फडक्यानं काचा पुसती. माझी बायको म्हणते, तुम्ही आपल्या मोटरसायकलीला कधी हात लावला का?"

ती कांद्याची चाळ त्या तरुणाच्या मामाची निघाली, काचा पुसणारी बाई त्याची मामी. मी तरुणाला बोलावून समोर बसवलं.

"गाडीत काही वेगळं होतं का? काही बदल केला होता?"

"नाही साहेब. कंपनीतून आली तशीच होती."

"ॲक्सिडेंट?"

"नाही."

तासभर विचारलं, उत्तर बदललं नाही. चौकशीत मी एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा मुद्द्याबाहेरचं खूप बोलतो. हा उलटा होता. एकेका शब्दावर थांबत होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. मला वाटलं, गुन्हेगाराची भीती आहे. त्याला मीच कुठेतरी भेटलो होतो, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर असताना मी साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो. कॉलनीतलं तळमजल्यावरचं घर. गॅलरीत त्याचे वडील बसले होते. एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी नाशिक–सटाणा मार्गावर. पक्षाघाताने उजवं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत. आणि ते बसले होते एका गाडीच्या सीटवर. निळं रेक्झिन, खाली गोल फिरणारा लोखंडी बेस, बेस जाड फळीवर बोल्टने आवळलेला.

"या साहेब, बसा. मी उठत नाही, रागावू नका," बाबा म्हणाले. "सूनबाई, चहा टाक."

"सीट छान आहे, बाबा."

"पोरानं करून घेतली. दार उघडायचं, सीट बाहेर फिरवायची, मला बसवायचं, आत फिरवायची. रविवारी सटाणा रोडला नेतो मला. पुढं बसून रस्ता बघतो. माझाच रस्ता आहे तो. पोरगं गिअर चुकीचा टाकतं, मी शिव्या देतो. एवढंच ड्रायव्हिंग राहिलंय आता."

"मग गाडी कुठे आहे?"

"गॅरेजला. ट्रॉलीला घासली ना ओझरजवळ. मला म्हणाला, तोवर गॅलरीत बसून रस्ता बघा." मग त्यांनी डोळे बारीक केले. "साहेब, तुम्हीच ना ते? द्वारका चौकात नाकाबंदीत मला खाली उतरवलं होतं?"

सूनबाईंनी आणलेला चहा मी खाली ठेवला.

मला आठवलं. त्या दिवसांत आम्ही 'मॉडिफाय' गाड्यांवर मोहीम काढली होती. फाडफाड वाजणारे सायलेन्सर, काळ्या काचा, रंगीत दिवे. आमच्या तोंडात तो शब्द शिवीसारखा बसला होता. त्या रांगेत ही गाडी आली. मी सीट पाहिली आणि मुलाला म्हणालो, "मॉडिफाय केलीय? कागदावर घेतलीय का? बेकायदा आहे हे. पुन्हा दिसली तर गाडी जमा करीन." तपासायला म्हणून बाबांना खाली उतरवलं. भर उन्हात मुलगा त्यांना धरून उभा होता. सीट कोणासाठी आहे हे समोर दिसत होतं. तरी मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मुलाला पुन्हा बोलावलं. म्हणालो, "बाबांच्या सीटवरचं रेक्झिन चांगलं आहे." त्याने सगळं सांगितलं. ट्रॉलीला गाडी घासल्यावर विमा एजंट म्हणाला होता, कंपनीच्या सर्व्हेयरने सीट पाहिली तर क्लेम गेला समज. फ्लोअर कापून बेससाठी पट्ट्या वेल्ड केलेल्या, म्हणजे सीट काढूनही बदल झाकला जात नव्हता. दुरुस्ती झेपणारी नव्हती. म्हणून त्याने गाडी मामाकडे लपवली आणि चोरीचा क्लेम मिळेल म्हणून तक्रार दिली. सीट मात्र काढून घरी आणली, कारण साध्या खुर्चीत बाबा कलंडतात.

"गाडी गेली असती तर ही सीट कशात बसवणार होतास?"

"तेवढा विचारच नव्हता केला, साहेब. तुम्ही जमा करणार म्हणाला होतात, तेच डोक्यात होतं."

चाळीत पंचनामा करून गाडी ताब्यात घेतली. क्लेमचे कागद अजून गेले नव्हते, तरी आम्ही कळवल्यावर विमा कंपनीचे तपासनीस ठाण्यात आले. मुलगा आवारातल्या बाकावर बसला होता. तपासनीस गाडीत डोकावले, मी फिरत्या सीटचं सांगितलं, तेव्हा ते सहज म्हणाले, "अपंग व्यक्तीसाठी केलंय होय? मग आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करायची आणि आम्हाला कळवायचं. हप्त्यात सवलत असते याला."

मुलाने मान वर केली. त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तक्रार कुठलीच नव्हती त्या नजरेत. सवलत मिळते हे कायद्याच्या माणसाला ठाऊक असणारच, असं त्याला वाटलं असावं. मला ठाऊक नव्हतं. नाकाबंदीत मला एकच अर्धा कायदा ठाऊक होता.

मी 'ब' समरी पाठवली, म्हणजे तक्रार खोटी, तक्रारदारावर कारवाई व्हावी. ते नियमाने बरोबरच होतं. हेतू लिहिला, विमा कंपनीकडून आर्थिक लाभ मिळवणे. द्वारकेची नाकाबंदी त्यात लिहिली नाही. ती लिहिली असती तर कोर्टाला कळलं असतं की हा माणूस घाबरलेला होता आणि त्याला घाबरवणारा कोण होता. त्याला दंड झाला. कारखान्याने पोलीस केस पाहून कामावरून कमी केलं.

गाडी कोर्टाच्या आदेशाने सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करण्याच्या हमीवर, परत दिली, तो दिवस सर्वांत जास्त आठवतो. हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं. मुलाने सीट रिक्षातून आणली, बाबांनाही आणलं. आमच्या हवालदारांनी स्वतः पाना घेऊन बोल्ट आवळले. सीट बाहेर फिरली, बाबा बसले, सीट आत फिरली. त्यांनी डाव्या हाताने टोपी सारखी केली, समोरच्या काचेतून रस्ता बघितला आणि मला हाक मारली.

"साहेब, आता मी बेकायदा बसलोय का कायदेशीर?"

हवालदार हसले. बाबाही हसले. मी "नीट बसा, बाबा" म्हणालो आणि काम असल्यासारखा आत गेलो.

पुढे नोकरी असेपर्यंत नाकाबंदीत कुठल्याही गाडीत काही बदललेलं दिसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, हे कोणासाठी केलंय? बहुतेक जण हौसेसाठी म्हणत, त्यांच्यावर कारवाई केली. काही जण मागच्या सीटकडे बोट दाखवत. त्यांना बाजूला घेऊन अर्ज कुठे करायचा ते सांगितलं.

बाबा आता नाहीत. मुलाने दुसरी नोकरी धरली, सीटची नोंदही करून घेतली, असं हवालदारांकडून कळलं. मी त्यांच्या घरी पुन्हा गेलो नाही. जायला हवं होतं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहून गेलं.

कायदेशीर, बाबा. एका अर्जाचं अंतर होतं, आणि ते द्वारकेला मी सांगायचं होतं.