सोळा घरांचा आलेख

चेन्नईजवळच्या तांबरममधल्या सोळा घरांच्या इमारतीत अर्चनाने नऊच्या ठोक्याला चादरींनी भरलेल्या वॉशिंग मशीनचं बटण दाबलं, आणि डोक्यावरचा पंखाच थांबला. इडल्या अजून भांड्यात होत्या, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात वरच्या मजल्यावरच्या विद्यालक्ष्मीमामी. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, वय बहात्तर, हातात वही. वर त्यांच्या यजमानांचं, अप्पाजींचं, ऑक्सिजनचं यंत्र. इन्व्हर्टरवर ते जेमतेम अर्धा तास चालतं.

अर्चना घाबरली. "अप्पाजी?"

"बरे आहेत. वॉचमन फ्यूज बसवतोय. चूक माझी गं, कण्णा, बाळा. सातला सगळे गीझर चालू असतात, म्हणून मशीन नऊला लावा, असं मीच सगळ्यांना म्हणाले. सोळाही घरांनी ऐकलं."

"मामी, तुमचं नाही ऐकायचं तर कुणाचं?"

"थोडं कमी ऐकलं असतं तर फ्यूज वाचला असता."

तीस वर्षं मामींनी वीज मंडळाच्या नियंत्रण कक्षात, उद्या राज्याला किती वीज लागेल, याचा अंदाज बांधला. पूर्वी आकडा दिवेलागणीला चढायचा. घरोघरी एसी आले तसा तो भर दुपारीही उतरेना, हे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिलं. मुलगा विजयेंद्र नॉर्वेत. त्याचा फोन आला की मामी आधी तिथली थंडी किती ते विचारतात, मग नातीची चौकशी.

"तिकडे जानेवारीत मागणी सगळ्यात जास्त, घरं विजेवर तापवतात ना. आपल्याकडे मेमध्ये, थंड करायला," त्या सांगतात. "कुठल्याही देशाचा चोवीस तासांचा आलेख दाखव. लोक कधी उठतात, कधी चूल पेटवतात, मी सांगते."

आता त्यांनी वही उघडली. प्रत्येक घराला एक ओळ, प्रत्येकाला मशीनची नवी, वेगळी वेळ. रंजनी शाळेत शिकवते, तिला दुपारी चार. अर्चनाच्या ओळीत 'बुधवारी चादरी' असंही लिहिलेलं. आपल्या घराकडे इतकं नीट आपण तरी कधी पाहिलं, असं अर्चनाला वाटून गेलं.

पंखा फिरू लागला. मामी जिन्याकडे कान लावून थांबल्या. वर इन्व्हर्टरची पिपपिप थांबली, यंत्राची घरघर चालूच राहिली, तेव्हा कुठे त्यांनी वही मिटली.

"मशीन साडेअकराला लाव," त्या म्हणाल्या. "तेवढंच कर माझ्यासाठी."