मैदान वेटिंगवर

स्टाफरूममधले किस्से न तपासलेल्या वह्यांसारखे साठत जातात. एखादी उघडावी, तर आपलंच नाव निघायचं! रोह्याच्या आमच्या शाळेत नववी अ ला भूगोल मी शिकवतो, ब ला ठाकूर मॅडम. रविवारीसुद्धा मुलं शंका घेऊन त्यांच्या घरी जातात. माझ्या घरी गेल्या रविवारपर्यंत एकही आलेलं नव्हतं. मी जळतो. आता लपवायचं कशाला?

*

नगररचनेचा धडा चालू होता. मी म्हटलं, "आराखड्यात मैदानासाठी जागेचं आरक्षण असतं."

सानिका उठली. "सर, कन्फर्म का वेटिंग?"

वर्ग हसला. मी तिला खाली बसवलं आणि मधल्या सुट्टीत हा किस्सा मूर्खासारखा मीच मॅडमना सांगितला. दुसऱ्या दिवशी ब च्या फळ्यावर तोच प्रश्न! खाली उत्तर: "वेटिंग. तुमच्या जन्माआधीपासून. कुठलं मैदान, ते शोधून आणा."

पोरं आराखड्याची झेरॉक्स घेऊन हिंडायला लागली. त्यात माझ्या वर्गातलीही होती.

*

'घर ते शाळा' हा नकाशा मीही काढायला दिला. एकाने प्रमाण लिहिलं: 'पायी पंधरा मिनिटं, म्हैस आडवी आली तर वीस.' मी दोन मार्क कापले.

मॅडमनी तोच नकाशा मागून घेतला आणि ब च्या भिंतीवर लावला.

*

मॅडमचं माहेर पेण. त्यांनी वर्गाला तिथे नेऊन गणपतीच्या कारखान्यांमधल्या गल्ल्या टेपने मोजायला लावल्या. एक म्हातारे मूर्तिकार म्हणाले, "आमी गल्ली बघून मूर्ती बनवताव. घरं बांधनारं गल्ली बघतान का?"

ते वाक्य मुलांनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला वाचून दाखवलं. टाळ्या थांबेनात. मी घड्याळ बघत होतो.

*

मग मीही इरेला पेटलो. हायवेमुळे गाव कसं बदलतं ते दाखवायला अ वर्गाला कोलाडला नेलं. अहवाल आले. बहुतेकांचा मथळा एकच: 'कोलाडची मिसळ'.

मॅडमनी एवढंच विचारलं, "तिखट होती का हो, सर?"

*

गेल्या रविवारी सकाळी, रोह्याला लागूनच असलेल्या वरसेतल्या माझ्या घराची बेल वाजली. दारात अ आणि ब ची सात-आठ मुलं, पुढे सानिका.

"सर, एक शंका हाय."

माझ्या घरी! शंका! मी घाईने शर्ट चढवला, बायकोला सरबत करायला सांगितलं. "विचार ना, बाळ."

"ते वेटिंगवालं मैदान गावलं. टेप लावून बघितलं, बरोबर बसतंय."

"अरे वा! कुठे आहे?"

सानिकाने झेरॉक्स उघडली आणि समोर बोट केलं. घरासमोरच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड होती. मीच बांधलेली.

"सर, आमच्या सीटवर तुमची गाडी हाय. ती कधी उतरनार?"